आत्याबाई पाच फांद्यांवर

लग्नाला पाच दिवस उरले असताना माझ्या लॅपटॉपवर ते सत्त्याण्णव टक्के पार पडलेलं होतं.

लग्न माझ्या धाकट्या बहिणीचं, प्रज्ञाचं. घर चंद्रपूरचं, महिना मे. चंद्रपूरच्या मे महिन्यात शहाणी माणसं कूलरसमोर निपचित पडून राहतात. मला ते जमत नाही. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी कोड लिहितो (म्हणजे बसून असं म्हणायचं!) आणि दर दहा मिनिटांनी उठून फ्रीज उघडतो, आत काही नवीन आलंय का ते बघतो आणि बंद करतो. आई म्हणते, लहानपणी फोटो काढतानाही मला दोघांनी धरून ठेवावं लागायचं. डोक्याचंही तेच. एक विचार अर्धा होतो न होतो तोच दुसरा दारात उभा. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी डोक्यातलं सगळं उचलून एका सॉफ्टवेअरमध्ये नेऊन टाकलं.

हे सॉफ्टवेअर म्हणजे पडद्यावरचं एक झाड. मधे खोड, खोडाला फांद्या, फांद्यांना पानं. प्रत्येक पानावर काहीही लिहावं: कोडचा तुकडा, टिपण, राहिलेलं काम. फांदी मिटता येते, उघडता येते, उचलून दुसरीकडे लावता येते. काम झालं की पानावर टिचकी मारायची, पान हिरवं होतं. आणि सगळ्यात भारी सोय अशी, की एकच पान कितीही फांद्यांवर ठेवता येतं. नक्कल नाही, तेच पान! एका जागी दुरुस्त केलं की सगळीकडे आपोआप दुरुस्त. कोड लिहिणाऱ्याला यापरतं सुख नाही. म्हटलं, जे कोडला चालतं ते नातेवाइकांना न चालायला काय झालं?

आमच्या घरात तोवर लग्नाची आमंत्रणं आईच्या पद्धतीनं चालत. पत्रिकांचे गठ्ठे रस्त्याप्रमाणे बांधायचे. राजुरा-जिवतीकडचा लाल दोऱ्याचा, मूल-सावलीकडचा पिवळ्या, भद्रावती-माजरीकडचा निळ्या. ज्याला त्या रस्त्यानं जायचं त्यानं तो गठ्ठा उचलायचा. मी आईला समजावलं की ही पद्धत मागासलेली आहे, यात एकच माणूस दोन गठ्ठ्यांत येऊ शकतो.

"येऊ दे," आई म्हणाली. "एकाच्या घरी दोनदा गेल्यानं कोनी मरत नाई."

मी ऐकलं नाही. सगळे दोरे सोडले, पत्रिका खोलीभर पसरल्या, आणि तीन दिवस खपून दोन्हीकडचे पाहुणे, हॉल, आचारी, गाड्या, आहेर, मुक्काम असं सगळं त्याच झाडावर चढवलं ज्यावर माझं ऑफिसचं काम होतं. (वेगळं झाड लावता आलं असतं. पण मग दोन झाडांमध्ये उड्या माराव्या लागल्या असत्या, आणि मी आधीच पुरेशा उड्या मारतो.)

पहिले दोन दिवस सगळे हसले. तिसऱ्या दिवसापासून त्यांना चटक लागली. बाबा माजरीच्या खाणीत आयुष्य काढून रिटायर झालेले. उभ्या हयातीत हजेरीचा भोंगा ऐकून उठलेला माणूस, त्यांना ते हिरवं होणं फारच आवडलं. सकाळचा चहा घेऊन ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि विचारत, आज किती टक्के झालं? मामा मोटारसायकलवरून उतरता उतरता ओरडून सांगे, बल्लारपूर झालं, कर हिरवं. हळूहळू घरात कुणी काही लक्षात ठेवेनासं झालं. आईसुद्धा, जिला सात पिढ्यांच्या सोयरिकी तोंडपाठ, ती स्वतःच्या भावाचा नंबरही मला विचारू लागली. मला इतकं महत्त्व घरात यापूर्वी कधीच मिळालं नव्हतं, हे मी कबूल करतो.

आता मोठ्या आत्याबद्दल सांगायला हवं. बाबा चार वर्षांचे असताना आजी वारली. आत्याबाई तेव्हा स्वतः बारा वर्षांच्या. त्यांनी बाबांना कडेवर घेऊन शेतात निंदण केलं, भाकरी भरवली, शाळेत घातलं. त्या जिवतीच्या पहाडात एका लहान गावात राहतात. आमच्या घराण्यातल्या कुठल्याही लग्नात बुद्धवंदनेआधीची पहिली मेणबत्ती त्याच लावतात. पण त्यांचा एक नेम आहे. त्यांना आवतन प्रत्यक्ष दारात येऊन द्यावं लागतं, फोनवरचं चालत नाही. घरच्याच आहेत म्हणून गृहीत धरलेलं तर मुळीच चालत नाही. सख्खा भाऊ का असेना, त्यानं दारात यावं, पातळ हातात द्यावं, त्यांच्या घरचा घास खावा आणि 'चूलबंद' म्हणावं. म्हणजे त्या दिवशी घरातली चूल पेटणार नाही, सगळं घर आमच्याकडे जेवेल.

असं मोठं माणूस झाडावर एका जागी कसं मावणार? मी आत्याबाईंचं एक पान केलं आणि पाच फांद्यांवर ठेवलं. आमंत्रण, आहेर, मुक्काम, गाडी आणि मेणबत्ती. त्या पानाखाली एक टिपणही लिहिलं: 'प्रत्यक्ष जाऊनच बोलावणे. नाहीतर रुसतील.' मग मी समाधानानं उठलो आणि फ्रीज उघडून पाहिला.

त्या आठवड्यात मला बरंच काही हलवायची खुमखुमी आली होती. बसल्या बसल्या फांद्या इकडून तिकडे, तिकडून इकडे. एके दुपारी ऑफिसची मीटिंग लागली. पुण्याच्या मॅनेजरबाई अतिशय शांत आवाजात म्हणाल्या, "पंकज, तुम्ही काल पाठवलेल्या कोडमध्ये एक ओळ आहे. 'प्रत्यक्ष जाऊनच बोलावणे, नाहीतर रुसतील.' हे कोणत्या फंक्शनविषयी आहे?" मी घाईघाईनं सांगितलं की ते घरचं आहे, चुकून फांदीबरोबर आलं. त्या म्हणाल्या हरकत नाही, काढून टाका. मी काढून टाकलं. पान एकच, टिपण एकच. तिथून गेलं ते सगळीकडून गेलं. आत्याबाईंना प्रत्यक्ष जाऊन बोलवायचं असतं हे त्या दिवशी पुण्यातल्या सात इंजिनियरांना माहीत होतं, आणि आमच्या घरातल्या झाडाला माहीत नव्हतं!

दुसऱ्याच दिवशी आई गोल बाजारातून आत्याबाईंसाठी पांढरंशुभ्र पातळ घेऊन आली. चांगलं जरीच्या बारीक काठाचं. आई खुशीत होती. मी आहेराच्या फांदीवर गेलो, आत्याबाईंच्या पानावर टिचकी मारली. पान हिरवं झालं. आहेराच्या फांदीवर झालं, आमंत्रणाच्या झालं, मुक्कामाच्या, गाडीच्या आणि मेणबत्तीच्याही. मी फक्त आहेराची फांदी उघडी ठेवली होती, बाकीच्या मिटलेल्या. टक्के मात्र एकदम वाढले आणि बाबांनी माझी पाठ थोपटली.

त्यानंतर बाबांनी एकदा विचारलं, बाईकडे (आत्याबाईंना ते बाई म्हणतात) कोण गेलं होतं? मी फांदी उघडली. हिरवं. म्हटलं, झालंय. बाबांना वाटलं मामा जाऊन आला. मामानं विचारलं, त्यालाही हिरवं दाखवलं, त्याला वाटलं बाबा जाऊन आले. आईनं विचारलं तेव्हा तर मी उठलोसुद्धा नाही, बसल्या जागेवरून हात हलवला.

आणि पाच दिवस उरले असताना फोन आला.

फोन आत्याबाईंच्या सुनेचा, सुनंदावहिनींचा. त्यांच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळते. वहिनी टाकीच्या शिडीवरून बोलत होत्या, मागे वारा घोंघावत होता. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"मामाजी, तुमच्या इथी लगन हाय ना जी?" वहिनी म्हणाल्या. "आत्याबाई आठ दिवसापासून आंगनात बसून रस्ता पाहून राह्यल्या. पिशवी भरून ठेवली व्हती. आज सकायी त्यायनं पिशवी खाली केली अन् कपडे खुटीले टांगले. काही बोलून नाई राह्यल्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. लॅपटॉप हिरवागार.

मग मी पाचही फांद्या एकदम उघडल्या आणि मला सगळं दिसलं. पान एकच आणि फांद्या पाच, हे मी बाबांना समजावायला लागलो. तेवढ्यात आईनं, जिला अशा वेळी नेमकं सुचतं, विचारलं की आणखी कोण कोण दोन फांद्यांवर आहे. पाहिलं. तिचा चुलतभाऊ रमेश, आमचा आचारी, पाहुण्यांतही होता आणि जेवणातही. पाहुणा म्हणून पत्रिका पोचली होती, पान हिरवं झालं होतं, आणि स्वयंपाक तुला करायचा आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! तो इस्त्रीचा सदरा घालून जेवायला येणार होता. आईनं तिथल्या तिथे फोन लावला. त्यानं सांगितलं की तो दोन दिवस वाट पाहत होता, आम्ही दुसरा आचारी केला असं समजून थोडा नाराजही होता, पण येईल. ते निभावलं.

आत्याबाईंना फोन लावून निभणार नव्हतं. बाबा ओसरीवर जाऊन बसले. मी मागे गेलो.

"बाई नाई आली तर लगन पुढं ढकला," ते म्हणाले.

"बाबा, हॉल, पत्रिका, वऱ्हाड..."

"मेनबत्ती कोन लावन? तू?" त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "मले जिनं मोठं केलं ते आठ दिवस आंगनात बसून राह्यली, अन् मी इथी चहा पीत तुयं हिरवं पाहत बसलो."

घरात प्रज्ञा हे ऐकत उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. बहिणीचं लग्न मोडायला निघालेला भाऊ म्हणून मी जगात कुठेतरी नोंदला जाणार, असं मला वाटलं. मी मोटारसायकलची किल्ली उचलली.

राजुरा, गडचांदूर आणि मग पहाड. भर उन्हात बाबा मागे, त्यांच्या मांडीवर पातळाची पिशवी, आणि माझ्या पाठीवर सॅक. घाट चढताना बाबांनी विचारलं, सॅकमध्ये काय आहे? मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. (लॅपटॉप होता. मला अजूनही वाटत होतं की नीट समजावलं तर त्यांना पटेल. अशी माणसं असतात.)

आत्याबाई ओसरीत खाटेवर बसून तूर निवडत होत्या. आम्ही आत आलो तरी मान वर केली नाही. सुनेला म्हणाल्या, पाहुण्यांना पाणी दे. पाहुण्यांना! बाबा तिथेच जमिनीवर बसले, खाटेच्या पायाशी. बहात्तर वर्षांची ती बाई सुपातली तूर पाखडत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला तर गप्प बसवतच नाही! मी सॅक उघडली, लॅपटॉप काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

"आत्याबाई, चूक माझी आहे. हे बघा, तुम्ही इथं आहात. आणि इथंही."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, चष्मा लावला.

"किती जागी हाय मी याच्यात?"

"पाच."

"अन् खरी कोनती?"

"पाचही खऱ्या. म्हणजे एकच आहे ती, फक्त पाच ठिकाणी दिसते."

आत्याबाईंनी थोडा विचार केला.

"म्हंजे पाच पाच जागी बसून मी रस्ता पाहून राह्यली, अन् एका जागीही तुमच्यातला कोनी आला नाई."

मी लॅपटॉप मिटला. मला मनापासून लाज वाटली, आणि पहिल्यांदाच उठून कुठेतरी जावंसं वाटलं नाही. बाबांनी पातळ काढून त्यांच्या पायाशी ठेवलं. म्हणाले, "बाई, मी आंधया झालो. माफ कर." त्यांचे डोळे भरले होते. आत्याबाईंनी पातळाकडे पाहिलं, काठावरून बोट फिरवलं, पण हातात घेतलं नाही. मग जे खरं सलत होतं ते बाहेर आलं. राग आमचा नव्हता एवढा. गावात प्रत्येक जण रोज विचारत होता, भाचीच्या लग्नाचं आवतन आलं का? त्या रोज सांगत होत्या, आज येईल. आठ दिवस रोज.

"आता गावाले मी काय सांगू? घरचं लेकरू मले विसरलं म्हनू?"

शेवटी त्यांनीच तोड काढली. त्या येतील. पण आवतन एका घरात नाही, सगळ्या गावाला जाईल. चूलबंद. पायी, दारोदारी, आणि माझ्याच तोंडून. लॅपटॉप त्यांनी माझ्या हातातून घेतला, आत नेला आणि धान्याच्या कोठीवर ठेवून त्यावर सूप पालथं घातलं.

गाव लहान, पण एवढंही लहान नाही. गोंडांची घरं, बंजाऱ्यांची घरं, आमची घरं. आत्याबाई पुढे छत्री धरून, मी मागे डोक्याला रुमाल बांधून. प्रत्येक दारात त्या थांबत आणि मला म्हणत, सांग तू कोण, काऊन आला. मी सांगे: मी नामदेवचा पोरगा, माझ्या बहिणीचं लग्न आहे, सगळ्यांनी यायचं, चूलबंद. मग घरचे म्हणत, बसा. मी म्हणे, घाईत आहे. आत्याबाई म्हणत, "बस." की बसायचं. प्रत्येक घरी कोरा चहा. नाही म्हणायची सोय नाही. आठव्या घरापर्यंत माझ्या कानांत चहा वाजायला लागला होता. एका म्हाताऱ्यानं मला नीट न्याहाळून विचारलं की तू काय काम करतोस. मी म्हटलं, माहिती नीट लावून ठेवतो. आत्याबाई छत्रीआड तोंड करून हसल्या. आठ दिवसांतलं ते त्यांचं पहिलं हसू असणार.

परत आलो तेव्हा ऊन उतरत आलं होतं. आत्याबाईंनी खुंटीवरचे कपडे काढून पिशवीत भरले आणि पातळ वरती ठेवलं. बाबांना भाकर वाढली. मलाही वाढली. मी चहानं इतका भरलो होतो की घास उतरेना, तरी सगळी खाल्ली.

लग्नाच्या दिवशी आख्खं गाव दोन ट्रकांनी उतरलं. रमेशमामानं इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर करून भाताची आणखी दोन पातेली चढवली. आत्याबाई पांढऱ्या पातळात पुढे गेल्या आणि त्यांनी पहिली मेणबत्ती लावली. बाबा रडले. मी पण रडलो (धूर डोळ्यात गेला असं सांगितलं). प्रज्ञानं नवऱ्याला हार घातला, फुलं पडली, आणि सगळं पार पडलं. अगदी शंभर टक्के.

तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण जेवणं उरकल्यावर आत्याबाई कूलरसमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, मी शेजारी, आणि हात शिवशिवत होते. हळूच लॅपटॉप काढला आणि 'लग्न' या मोठ्या पानावर टिचकी मारली. पान हिरवं झालं. त्याबरोबर खाली कोपऱ्यातली आणखी एक फांदी हिरवी झाली. आत्याबाईंची नजर वयाच्या मानानं फार चांगली आहे.

"हे कोनाचं?" त्यांनी बोट ठेवलं.

मला सांगावंच लागलं. प्रज्ञानंतर माझाच नंबर, तेव्हा हॉल, आचारी, पत्रिका सगळं पुन्हा टाइप करायला नको म्हणून मी तेच 'लग्नाचं' पान माझ्याही नावाखाली ठेवून दिलं होतं.

"म्हंजे तुयं झालं?"

"नाही आत्याबाई, ते फक्त..."

"हिरवं हाय."

नेमकी तेव्हाच मूलकडची एक काकू माझ्यासाठी गडचिरोलीच्या शिक्षिका मुलीचं स्थळ घेऊन आमच्याकडे आली. मी केस नीट केले. आत्याबाईंनी तिला शेजारी बसवलं, पाणी दिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "नको वो बाई. त्याचं झालं. त्याच्या पेटीत लिवलं हाय, पाह्य."

याला आता वर्ष होत आलं. आणखी तीन स्थळं आली. बाबा प्रत्येक वेळी बाईला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि आत्याबाई सुनेला टाकीवर पाठवून एवढंच विचारतात, की पोरानं ते हिरवं पुसलं का. मी दोनदा पुसायला बसलो. पण पान एकच आहे, माझं लग्न पुसलं की प्रज्ञाचंही पुसलं जातं, आणि तिचं बिचारीचं फार चांगलं चाललंय.